जुन्या आर१५ ची रेस बाइक : उरलेले पंचवीस हजार कोठे घालावेत?

उद्यमनगरी

नमस्कार मंडळी.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे लेथचे छोटे दुकान आहे. दीड वर्षापूर्वी मी यामाहा आर१५ ची दुसऱ्या आवृत्तीची, पुढून पडलेली आणि फेअरिंग (बाहेरचे आवरण) फुटलेली एक गाडी ४२ हजार रुपयांना घेतली आणि तेव्हापासून ती केवळ ट्रॅकवर चालवण्यासाठी तयार करतो आहे. १४९ सीसी, कागदावर १७ अश्वशक्ती, सहा गिअर, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि सर्व द्रव भरून १३६ किलो वजन. थोड्या पैशांत ट्रॅकवर उतरू पाहणाऱ्याला आपल्याकडे याहून चांगला पाया मिळणे कठीण आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आतापर्यंत मी पुढचा दिवा, आरसे, हॉर्न, स्टँड, मागची पकड, मागच्या माणसाचे फूटरेस्ट, नंबरप्लेटची पट्टी आणि साडीगार्ड काढून टाकले. सगळे एका पोत्यात भरून काट्यावर ठेवले तेव्हा ७ किलो २०० ग्रॅम भरले. फायबरचे रेस फेअरिंग बसवले, इंजिनाचे तेल व प्लग बदलले, व्हॉल्व्हची फट तपासून घेतली. त्यानंतर गाडी छोट्या हत्तीत घालून चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर दोन दिवस चालवून आणली.

तेथे तीन गोष्टी जाणवल्या. पहिली अशी, की मुख्य सरळ रस्त्यावर माझ्यासारख्याच दुसऱ्या आर१५ गाड्या मला सहज मागे टाकत होत्या. दुसरी, सरळ रस्ता संपल्यावरच्या पहिल्या वेगवान उजव्या वळणात, ज्याला तेथे सी-वन म्हणतात, पुढचे चाक नेमके कोठे आहे हेच हातांना कळत नव्हते. गाडी ठरवलेल्या रेषेवर टिकत नव्हती आणि वळणाच्या मधोमध हँडल बारीक थरथरत होते. तिसरी, पाच-सहा फेऱ्यांनंतर पुढच्या ब्रेकचा लिव्हर मुठीच्या अधिकाधिक जवळ येऊ लागत होता.

माझ्याजवळ आता २५ हजार रुपये आहेत. त्यात एक तर मोकळा सायलेन्सर आणि त्याच्या जोडीला पेट्रोलचे प्रमाण बदलता येणारा पिगीबॅक ईसीयू, म्हणजे इंजिनाच्या मूळ संगणकाला जोडायचा छोटा संगणक, येतो, नाही तर मागचा चांगला शॉकअप येतो. दोन्ही एकदम जमणार नाही. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण सरळ रस्त्यावर मागे पडणे फार जिव्हारी लागते. अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने मत द्यावे.

टूस्ट्रोकप्रेमी

आपला उत्साह पाहून आनंद झाला. माझे तरुणपण आरएक्स १०० वर गेले आणि शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यती मी प्रत्यक्ष पाहिलेल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की आधी सायलेन्सर बदला. आमच्या काळी एक कानस, थोडा वेळ आणि सिलिंडरच्या पोर्टची उंची कोठे न्यायची याचे ज्ञान एवढ्या भांडवलावर ९८ सीसीची गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलत असे, आणि त्यावर नीट मापाचा एक्स्पान्शन चेंबर (मध्ये फुगीर असलेला सायलेन्सर) चढवला की इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांत ती अक्षरशः दुसरीच गाडी होई. नाना पेठेतल्या गल्ल्यांत हे काम करणारे कारागीर होते. इंजिन मोकळा श्वास घेऊ लागले की बाकीचे आपोआप मागून येते, असे मी आजवर मानत आलो आहे.

पिटलेन

मी मूळचा साताऱ्याचा, पण नोकरीनिमित्त बरीच वर्षे चेन्नईत आहे आणि सुट्टीच्या दिवशी श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या तांत्रिक तपासणीत मदत करतो. त्यामुळे आपल्यासारख्या पुष्कळ गाड्या हाताखालून गेल्या आहेत. जरा सविस्तर लिहितो.

टूस्ट्रोकप्रेमी यांनी सांगितलेले त्यांच्या गाडीपुरते अगदी खरे आहे. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा जणू इंजिनाचाच एक भाग असतो. एक्स्पान्शन चेंबरमधून परत फिरणारी दाबाची लाट बाहेर निसटणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते, आणि म्हणून नुसत्या पाइपचा आकार बदलला तरी एवढा मोठा फरक पडतो. फोर-स्ट्रोकमध्ये ते काम व्हॉल्व्ह करतात. आर१५ चे इंजिन कारखान्यातूनच चार व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन आणि १०.४ चा कॉम्प्रेशन रेशो घेऊन येते. त्यात नुसत्या सायलेन्सरने मिळणारी वाढ थोडी असते, आणि पेट्रोलचे प्रमाण न जुळवता तो बसवला तर मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, इंजिन तापते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वाढवण्याचा विचारही मनात येईल, म्हणून आधीच सांगतो. या गाडीचा सिलिंडर डायासिल पद्धतीचा, म्हणजे सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा आहे आणि त्याला लोखंडी लायनर नाही. जुन्या गाड्यांप्रमाणे बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकण्याची सोय येथे नाही.

आता सरळ रस्त्याचा हिशेब पाहू. वरच्या वेगात गाडीची जवळजवळ सगळी शक्ती हवा कापण्यात जाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि तो भेदायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत. म्हणून शक्ती पूर्ण १० टक्क्यांनी वाढली तरी कमाल वेग तीन टक्क्यांच्या आसपासच वाढतो, म्हणजे ताशी १३० चे फार तर १३४ होतात. आणि १० टक्के ही मी उदार मनाने धरलेली वाढ आहे.

मग दुसऱ्या आर१५ आपल्याला का मागे टाकतात? बहुतेक वेळा त्याचे उत्तर सरळ रस्त्यावर नसते, त्याच्या आधीच्या वळणात असते. जो स्वार वळणातून ताशी पाच किलोमीटर अधिक वेगाने बाहेर पडतो, तो ते पाच किलोमीटर सबंध सरळ रस्ताभर पुढे वाहून नेतो. मोठ्या गाडीवर वळणात गमावलेला वेग मूठ पिळून क्षणात परत मिळवता येतो, पण १७ अश्वशक्तीत तो परत मिळवायला कित्येक सेकंद जातात. आपल्याच शब्दांत, सी-वनमध्ये पुढचे चाक कोठे आहे हे हातांना कळत नाही. ज्या स्वाराला तेथे हे कळत नाही, त्याला बाकीच्या वळणांतही ते कळत नसणार, आणि तो प्रत्येक ठिकाणी नकळत थोडा आधीच गॅस सोडत असणार. माझ्या मते आपल्या तीन तक्रारी ही एकाच दुखण्याची तीन तोंडे आहेत.

तेव्हा २५ हजारांतला एकही रुपया खर्च करण्याआधी कृपया पुढील गोष्टी पाहून येथे कळवा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, ते काय आहेत? पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल एका बोटाने सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा; मधोमध अडकल्यासारखे लागते का? ब्रेकच्या डबीतल्या तेलाचा रंग कसा आहे? आणि पूर्ण पोशाखात गाडीवर बसल्यावर पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या, आत स्प्रिंग असलेल्या दोन नळ्या) किती मिलिमीटर खाली बसतो?

आणखी एक. ज्या वर्गात शर्यत करायची त्याची नियमावली आधी वाचा. काही वर्गांत सायलेन्सर आणि ईसीयू कंपनीचेच ठेवावे लागतात. हौसेने घेतलेले सामान तपासणीच्या टेबलावरून काढून ठेवायला लावताना मलाही वाईट वाटते.

नाशिककर

पिटलेन यांच्याशी पूर्ण सहमत. ब्रेकबद्दल थोडे लिहितो, कारण त्यात माझे हात पोळलेले आहेत.

ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण पाणी मुरलेल्या तेलाचा तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ५.१ मध्ये हेच आकडे २६० आणि १८० आहेत. ट्रॅकवर कॅलिपर (डिस्कला पॅडने आवळणारा ब्रेकचा भाग) तापला की मुरलेल्या पाण्याची वाफ होते; वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही, आणि म्हणून लिव्हर मुठीकडे येतो. पाच-सहा फेऱ्यांनंतर हे होणे आणि गाडी थंड झाल्यावर लिव्हर पुन्हा जाग्यावर येणे हे त्याचेच लक्षण आहे. नावात साम्य असले तरी डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे तेल आहे, ते चुकूनही यात मिसळू नका.

तेल बदलूनही लिव्हर स्पंजासारखा लागला, तर तेल नेणारी रबरी नळी, म्हणजे होज, दाबाखाली फुगतो आहे असे समजावे आणि स्टीलची जाळी असलेला ब्रेडेड होज घ्यावा. येथे माझा अनुभव सांगतो. मी तो एका गॅरेजमधून बसवून घेतला आणि त्यांनी तो फेअरिंगच्या कडेला घासेल असा फिरवला. पुढच्या ट्रॅक डेला हँडल डावीकडे पूर्ण वळवले तेव्हा मला फायबरवर काळी रेघ दिसली. स्टीलच्या जाळीने फेअरिंग जवळजवळ अर्धे कापले होते. जाळी फायबरला कापते, तशीच ती दुसऱ्या होजला किंवा वायरिंगलाही कापते. होज बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांना नेऊन आणि फोर्क पूर्ण दाबून तो कोठे लागतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

उद्यमनगरी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दुकान बंद केल्यावर पिटलेन यांनी सांगितलेले सगळे तपासले.

टायर पुढचा ३११७, मागचा ०८१८. म्हणजे पुढचा २०१७ च्या ३१ व्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून मी ते चांगले समजत होतो. पुढच्या टायरच्या कडेवर अंगठ्याचे नख रोवून पाहिले तर नखाची खूणसुद्धा उमटली नाही; दुकानातल्या नव्या रबरी पट्टीवर तीच खूण स्पष्ट उमटते.

ब्रेकचे तेल दूध न घातलेल्या चहाच्या रंगाचे निघाले.

हँडल मात्र मी विसरणार नाही. इंजिनाखाली जॅक लावून पुढचे चाक उचलले आणि एका बोटाने हँडल फिरवले, तर बरोबर मधोमध ते एका खाचेत जाऊन बसले. ढकलले की खाचेतून निघते, परत आणले की पुन्हा त्याच खाचेत. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, उघडला तेव्हा खालच्या वाटीत गोळ्यांचे ठसे एका ओळीत उमटलेले दिसले, जणू कोणी पंच मारून ठेवले आहेत. गाडी पूर्वी पुढून पडली होती तेव्हाचाच तो मार असावा. दीड वर्ष मी त्या खाचेशी झगडत होतो आणि मनात दोष माझ्या हातांना देत होतो.

फोर्कच्या नळीवर केबल टाय बांधून माप घेतले. पोशाख आणि हेल्मेटसह माझे वजन ८२ किलो. पुढच्या फोर्कची एकूण चाल १३० मिलिमीटर, आणि मी नुसता बसल्यावर ४६ मिलिमीटर गेली.

पिटलेन

शंका होती तेच निघाले. खाच पडलेल्या कोनसेटवर गाडी सरळ जाऊ पाहते, स्वार तिला वळवू पाहतो, आणि त्या ओढाताणीत हँडल थरथरते. नवा कोनसेट बसवताना वाट्या ठोकून तिरप्या बसवू नका. आपल्याकडे लेथ आहे, तर वाटीच्या मापाचा ॲल्युमिनियमचा दट्ट्या कातून आट्याच्या रॉडने त्या ओढून घ्या. नट असा आवळा की हँडल स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे सावकाश पडेल, पण फोर्क पुढे-मागे हलवल्यावर टक असा आवाज येणार नाही.

१३० पैकी ४६ म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक चाल केवळ बसण्यातच गेली. ब्रेक दाबल्यावर उरते काय? हे माप ३० ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान आणा. फोर्कच्या टोपीखाली जो स्पेसर असतो तो जेवढा लांब कराल, जवळजवळ तेवढेच हे माप कमी होते. जाड भिंतीच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा दोन्ही बाजूंना अगदी सारख्या लांबीचा आणि तोंडे काटकोनात कातलेला चालतो. सोबत फोर्कचे तेल एक दर्जा जाड घाला आणि पातळी दोन्ही नळ्यांत सारखी ठेवा. पातळी थोडी वाढवली की आतली हवा लवकर दाबली जाते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क घट्ट होतो. केबल टाय तेथेच राहू द्या. फेरी मारून आल्यावर तो कोठवर सरकला आहे यावरून ब्रेकखाली किती चाल वापरली गेली हे समजते.

लीड्सवासी

मी इंग्लंडमध्ये हौशी शर्यती करतो. येथे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या बेमसी क्लबचा मिनीट्विन नावाचा वर्ग आहे, ज्यात बहुतेक जण जुनी सुझुकी एसव्ही ६५० घेऊन उतरतात. इंजिन मुळात कंपनीचेच ठेवायचे असल्यामुळे माणसे आपोआप फोर्कच्या स्प्रिंगा, शॉकअप, टायर आणि ब्रेक यांवर पैसे खर्च करतात, आणि तेथे पुढे कोण येतो हे पाहिले की सगळा प्रकाश पडतो. माझ्या पहिल्या हंगामात मला सर्वांत जास्त फायदा झाला तो माझ्या वजनाच्या फोर्क स्प्रिंगांचा. आपल्या धाग्यात तोच अनुभव मराठीत वाचून फार बरे वाटले.

नवशिका_पुणे

एक प्रश्न विचारतो, कृपया राग मानू नये. रेस बाइकच्या बोल्टांना तार बांधतात ती नेमकी कशी आणि कोठे बांधायची? भोसरीत माझे मामा ड्रिलिंगचे काम करतात, पण त्यांनाही याची कल्पना नाही.

उद्यमनगरी

राग कसला! हे काम माझ्या आवडीचे आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

तेलाचा ड्रेन बोल्ट, तेलाच्या फिल्टरच्या झाकणाचे बोल्ट, तेल भरण्याची टोपी आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट यांना आधी तार लागते. उद्देश एकच, की कंपनाने बोल्ट सैल झाला तरी तो फिरून निघू नये. ट्रॅकवर सांडलेले तेल आपल्या मागून येणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकते, म्हणून तपासणीत ही गोष्ट पहिल्यांदा पाहतात.

भोक बोल्टच्या डोक्यात आरपार, दीड मिलिमीटरचे. षटकोनी डोक्याच्या सपाट बाजूवर ड्रिल सरळ धरले तर ते घसरते आणि तुटते. म्हणून आधी सेंटर पंचने बारीक खूण करावी, बोल्ट व्हाइसमध्ये पितळेच्या पट्ट्यांत धरावा, ड्रिल वेगाने पण हलक्या हाताने चालवावे, आणि दर दोन मिलिमीटरनंतर बाहेर काढून किस झटकून कटिंग ऑइलचा थेंब सोडावा. आरपार जाण्याच्या शेवटच्या क्षणी हात ढिला सोडावा, कारण ड्रिल तुटते ते तेव्हाच. पहिल्या बोल्टला माझी तीन ड्रिल गेली, आता एकात सहा बोल्ट होतात. तार ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची घ्यावी, दुहेरी करून पीळ द्यावा, आणि मुख्य म्हणजे ती बोल्टला आवळण्याच्या दिशेने ओढणारी असावी. उलट्या बाजूने बांधलेली तार दिसते छान, पण बोल्टला सैल होऊ देते. टोक वळवून आत दाबावे, नाही तर पुढच्या वेळी तेल बदलताना बोट फाटते. आपल्या मामांना पहिल्याच दिवशी जमेल.

टूस्ट्रोकप्रेमी

मी वरची सगळी चर्चा दोनदा वाचली. वेगाच्या घनाचा हिशेब मला पटला आणि माझा पहिला सल्ला मी मागे घेतो. आमच्या गाड्यांवर जे खरे होते ते या इंजिनावर तसेच लागू पडत नाही, हे कारणासह समजले याचे समाधान आहे.

तरीही जुन्या हातांना ठाऊक असलेल्या दोन स्वस्त गोष्टी सुचवतो. आपल्या गाडीला पुढे १५ आणि मागे ४७ दात्यांचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) येते. पुढचे एक दाताने कमी करून १४ केले तर प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर वेग सुमारे ७ टक्के घटतो आणि ओढ तेवढीच वाढते. मागचे तीन दाते वाढवून ५० केले तरी जवळपास तोच परिणाम मिळतो, पण साखळी लांब लागते. सरळ रस्त्याच्या शेवटी आपले इंजिन सहाव्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत, म्हणजे त्याच्या कमाल फेऱ्यांपर्यंत, पोहोचते का, हे आधी पाहा. पोहोचत नसेल तर १४ दात्यांचे स्प्रॉकेट काही शे रुपयांत तुम्हाला असा फायदा देईल, जो सायलेन्सर काही हजारांतही देणार नाही. पोहोचत असेल तर आहे तेच ठेवा.

दुसरी गोष्ट सुतळीची. गाडी सरळ उभी करून मागच्या टायरच्या मागच्या कडेला बारीक दोरा बांधायचा आणि दोन्ही बाजूंनी तो पुढच्या चाकापर्यंत ताणून न्यायचा. मागचा टायर रुंद असल्याने पुढच्या टायरच्या दोन्ही अंगांना दोऱ्यापासून थोडी मोकळी जागा राहते. ती दोन्हीकडे सारखी हवी. स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) कोरलेल्या खुणांवर विसंबून साखळी ताणलेल्या कितीतरी गाड्यांचे मागचे चाक तिरके बसलेले मी पाहिले आहे. आपली गाडी तर एकदा पडलेली आहे.

उद्यमनगरी

काका, आपला सुतळीचा प्रयोग आजच केला. उजवीकडे ९ मिलिमीटर आणि डावीकडे ४. खुणा दोन्हीकडे सारख्याच होत्या! आता दोन्हीकडे साडेसहा आहे.

आणखी एक विचारायचे होते. मागे सरकवलेले फूटरेस्ट आणि पुढच्या कॅलिपरचा ब्रॅकेट मी दुकानातच कातावेत का? १० मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी पडून आहे.

पिटलेन

फूटरेस्ट जरूर करा, पण पट्टीचा दर्जा माहीत असेल तरच. ६०६१ किंवा ६०८२ या मिश्रधातूची असेल तर उत्तम. बोल्ट ८.८ दर्जाचे वापरा. फूटरेस्टचे टोक गोल ठेवा, म्हणजे गाडी पडली तर ते डांबरात रुतून तिला उलटवणार नाही.

ब्रेकचा ब्रॅकेट मात्र भंगारातल्या पट्टीतून करू नका, ही कळकळीची विनंती. फूटरेस्ट तुटला तर पाय घसरेल, ब्रॅकेट तुटला तर कॅलिपर चाकात जाईल. आपल्या हातातले कौशल्य मोठे आहे याबद्दल मला शंका नाही, पण शंका धातूबद्दल आहे.

उद्यमनगरी

दोन महिन्यांनी लिहितो आहे. श्रीपेरुंबुदूरला पुन्हा दोन दिवस जाऊन आलो.

या मधल्या काळात मी नवा कोनसेट बसवला, दोन्ही टायर बदलले, डॉट ५.१ तेल आणि पुढचा ब्रेडेड होज घातला, फोर्कमध्ये प्रत्येकी १२ मिलिमीटरचा पीव्हीसीचा तुकडा आणि जाड तेल टाकले, पुढे १४ दात्यांचे स्प्रॉकेट लावले आणि रेडिएटरमधले कूलंट काढून डिस्टिल्ड पाणी भरले, कारण कूलंटमधले ग्लायकॉल डांबरावर सांडले तर ते तेलाइतकेच निसरडे असते. फोर्कचे माप ४६ वरून बरोबर ३४ वर आले. मजुरी माझीच असल्यामुळे सगळे मिळून १६ हजार ४०० रुपये लागले, आणि त्यातले निम्म्याहून अधिक टायरांचे.

पहिल्या तीन फेऱ्या सावकाश मारल्या आणि चौथ्या फेरीत सी-वनमध्ये शिरलो. गाडी वळली आणि वळलेलीच राहिली. मी काहीच केले नाही, हँडल नुसते धरून होतो, आणि बोटांच्या टोकांना टायरखालच्या डांबराचा खडबडीतपणा कळत होता. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडलो हे मला नंतर आठवले. ब्रेकचा लिव्हर विसाव्या मिनिटालाही जेथे सुरुवातीला होता तेथेच होता. टायरमध्ये थंड असताना २८ पीएसआय दाबापासून सुरुवात केली होती आणि दर वेळी पिटमध्ये आल्यावर मोजून थोडा थोडा खाली आणला.

माझी सर्वांत चांगली फेरी मागच्या वेळेपेक्षा साडेचार सेकंदांनी कमी भरली. यात माझ्या सरावाचाही वाटा आहे, सगळे श्रेय सामानाला देणार नाही. पण सरळ रस्त्यावर मला मागे टाकणाऱ्या त्याच गाड्यांपैकी दोन या वेळी माझ्या मागे राहिल्या, आणि इंजिनाला मी हातही लावलेला नाही.

आता ८ हजार ६०० रुपये शिल्लक आहेत आणि लक्ष मागच्या बाजूकडे वळले आहे. वळणातून बाहेर पडताना गॅस उघडला की मागचा भाग बसतो आणि गाडी बाहेरच्या कडेकडे जाऊ लागते. लेथवर एक चकती कातून ती मागच्या स्प्रिंगखाली घातली आणि माझ्या वजनासह खाली बसण्याचे माप ३३ मिलिमीटरवर आणले, तरीही तेच होते. यासाठी अख्खा शॉकअप घ्यावा लागेल का?

पिटलेन

साडेचार सेकंद वाचून आनंद झाला. मागच्यासाठी एक माप अजून घ्या. स्वार नसताना, गाडी नुसत्या स्वतःच्या वजनाने मागून किती खाली बसते? एकाने मागचे चाक हवेत राहील असे शेपूट उचलावे आणि दुसऱ्याने ॲक्सलपासून शेपटावरच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत मोजावे. मग गाडी खाली ठेवून तेच पुन्हा मोजावे.

उद्यमनगरी

मोजले. ३ मिलिमीटर. स्वार नसताना गाडी जवळजवळ बसतच नाही, म्हणजे स्प्रिंग कडक आहे असे समजायचे का?

पिटलेन

उलट आहे, आणि येथे पुष्कळ जण फसतात. स्वारासह माप बरोबर आणि स्वाराशिवाय जवळजवळ शून्य, याचा अर्थ स्प्रिंग आपल्या वजनाला मऊ आहे. तिला ३३ वर आणण्यासाठी आपण चकतीने इतकी आधीच दाबून ठेवली आहे की रिकामी गाडी ती वरच धरून ठेवते. पण आपण बसलात आणि गॅस उघडलात की तिच्या मूळच्या मऊपणामुळे ती पुन्हा झपाट्याने दबते. स्प्रिंग कडक असती तर रिकाम्या गाडीचे माप याहून बरेच जास्त आले असते.

शॉकअपचे डँपिंग (झोके शमवण्याचे काम) ठीक असेल, तेल गळत नसेल आणि दाबून सोडल्यावर तो एकाच झोक्यात स्थिर होत असेल, तर आपल्याला फक्त एक दर्जा कडक स्प्रिंग हवी आहे. जुनी स्प्रिंग काढून तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि मोकळी लांबी मोजा. तारेची जाडी थोडी जरी वाढली तरी कडकपणा तिच्या चौथ्या घाताने वाढतो, हे लक्षात ठेवा. आणि स्प्रिंग काढताना योग्य कंप्रेसरच वापरा. चकती घातल्यामुळे ती आता पूर्वीपेक्षा अधिक दाबाखाली आहे.

उद्यमनगरी

समजले. कंप्रेसर उद्या शेजारच्या दुकानातून आणतो. उद्यमनगरात स्प्रिंगा वळून देणारे एक जुने कारागीर माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे मापे घेऊन जाईन. नव्या स्प्रिंगवर दोन्ही मापे घेतली की येथेच लिहितो.